केळीच्या बागेतल्या घडगाडीसाठी हलकी चासी घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी लागली की घड बागेतून रस्त्यापर्यंत येतो तो माणसाच्या खांद्यावरून. वीस-पंचवीस किलोचा एकेक घड, खाली ठिबकच्या नळ्या, पायात चिखल. हे ओझं उतरावं म्हणून मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटी चारचाकी बनवायला घेतली आणि तिला घडगाडी म्हणू लागलो. आजवर तीन चासी, म्हणजे गाडीचे सांगाडे, जोडल्या. तेव्हापासून फोनवर, लग्नात, बाजारच्या दिवशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एकाच गोष्टीची उत्तरं दोनदा दिलेली नाहीत, संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, ही गाडी केवढी असते? आणि चासी हलकीच का पाहिजे?

केळीच्या दोन ओळींत साधारण पाच फूट जागा असते, त्यातली बरीच पानं आणि झुकलेले घड खातात. म्हणून माझ्या गाडीची रुंदी ९० सेंटिमीटर आणि लांबी १८० सेंटिमीटर आहे. सहा घड म्हणजे दीडशे किलो, चालवणारा सत्तर किलोचा आणि रिकामी गाडी ११० किलोची. सगळं मिळून ३३० किलो ओल्या काळ्या जमिनीवर उभं राहतं. रिकाम्या ११० मध्ये चासीच्या वाट्याला २१ किलो येतात. बाकी चाकं-आस ३०, मोटर-साखळी २०, बॅटरी १५ आणि घड ठेवायची पाळणी व बैठक २४.

गाडी जड झाली की ती पहिल्या पावसानंतर बागेत जात नाही, एवढं एकच कारण पुरेसं आहे. माझी दुसरी चासी ४४ किलोची झाली होती. ती जून ते सप्टेंबर शेडमध्येच उभी राहिली आणि मजुरांनी घड पुन्हा खांद्यावर घेतले.

२. घरी एकट्याला जमतं का? हत्यारं कोणती लागतात?

जमतं. चार इंची ग्राइंडर, इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ड्रिल, गुण्या, टेप, दोरी, ओळंबा आणि जमतील तितके शिकंजे. पाइप वाकवायचं यंत्र विकत घेऊ नका, दोनचार वाक असतील ते फॅब्रिकेशनवाल्याकडून करून आणा. घरीच वाकवायचा तर पाइपात कोरडी वाळू ठासून दोन्ही तोंडं बंद करा आणि वाकाची त्रिज्या पाइपाच्या व्यासाच्या तिपटीहून कमी ठेवू नका, नाहीतर आतली बाजू चेपते.

मळ्यात लांबून वायर ओढून मशीन चालवणार असाल तर वायर जाड घ्या. बारीक वायरवर व्होल्टेज पडतं, मशीनवर आकडा ८० दिसतो आणि जोडात तेवढी आच पोचत नाही. वरून जोड छान दिसतो, आत मात्र धरलेलाच नसतो.

चासीला हात लावण्याआधी भंगारातल्या पाइपाचे दहा जोड करा आणि घणानं ठोकून उघडा. जोड वेल्डिंगमधून सुटला तर अजून सराव हवा. शेजारचा पाइप फाटला आणि जोड तसाच राहिला, तर हात बसला.

३. दुकानात ‘एक इंची पाइप’ मागितला, घरी मोजला तर सव्वा इंचाहून मोठा निघाला. फसवलं का?

नाही, तुम्ही नळाचा पाइप आणलात. पाण्याच्या पाइपाला ‘एक इंची’ म्हणतात ते आतल्या मापाच्या नावानं, त्याचा बाहेरचा व्यास ३३.७ मिलिमीटर असतो. फर्निचर आणि गाड्यांच्या कामाची नळी बाहेरच्या मापानं विकली जाते, तिथे एक इंची म्हणजे २५.४ मिलिमीटर. चासीसाठी ही दुसरी हवी. जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १६ म्हणजे १.६, १८ म्हणजे १.२. दुकानात कॅलिपर घेऊनच जा.

माझ्या चासीत दीड इंची १६ गेजच्या पाच मीटर नळ्या आणि एक इंची १६ गेजच्या अकरा मीटर नळ्या लागल्या. नळी सहा मीटरची मिळते, म्हणजे दीड इंचीची एक आणि एक इंचीच्या दोन. त्यांचं वजन साडेसतरा किलो, पट्ट्या आणि कान (पिन-बोल्ट अडकवायचे छोटे तुकडे) धरून एकवीस.

वजन घरीच काढता येतं. बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, उरलेल्याला जाडीनं गुणा, मग ०.०२४६६ नं गुणा. मापं मिलिमीटरमध्ये घेतली की उत्तर एका मीटरचं किलोत येतं.

४. मजबूत हवी तर जाड पाइप घ्यायचा, त्यात काय एवढं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त लोखंड वाया जातं तेही इथेच.

दोन नळ्या शेजारी ठेवा. पहिली एक इंची, ३ मिलिमीटर जाड. दुसरी दीड इंची, १.६ मिलिमीटर जाड. हातात घेतल्यावर पहिली ठणठणीत वाटते, दुसरी पत्र्यासारखी. पहिलीचं वजन मीटरला १.६६ किलो, दुसरीचं १.४४. आणि वाकायला विरोध? दुसरी पहिलीच्या सव्वादोन पट ताठ आहे. लोखंड कमी झालं आणि ताठपणा वाढला, कारण नळी वाकते तेव्हा मधल्या भागावर ताण जवळजवळ नसतो, काम करतं ते मध्यापासून लांब असलेलं लोखंड. तेच लोखंड जरा बाहेर सरकवलं की ते जास्त कामाला येतं. बांबू पोकळ असूनही का टिकतो आणि केळीचं खोड तेवढंच जाड असूनही वादळात का आडवं होतं, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगायला नको. आकारासोबत मालही तसा लागतो.

याला मर्यादा आहे. नळी फार मोठी आणि फार पातळ केली की ती वाकण्याआधी चेपते, एखादा दगड लागला की खळगा पडतो आणि त्याच खळग्यातून पुढे दुमडते. शिवाय १८ गेजला हातानं वेल्डिंग करताना भोक पडतं. म्हणून घरच्या कामात १६ गेजच्या खाली जाऊ नका, आणि जिथे आस, मोटर, बैठक बसते तिथे नळीवर ३ मिलिमीटरची पट्टी गुंडाळून बसवा म्हणजे भार पसरेल.

५. सांगाडा कसा आखायचा? चौकट केली, चारही कोपरे जोडले, तरी डुगडुगते.

चौकट डुगडुगणारच. चार काड्यांचा चौकोन कोपऱ्यातून सहज तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण होत नाही. शेताच्या फाटकाला तिरकी पट्टी नसली की दोन वर्षांत त्याचं टोक जमिनीला टेकतं, तसंच हे.

कागदावर आधी फक्त ओझी मांडा: घड कुठे, माणूस कुठे, मोटर कुठे, चाकं कुठे. मग प्रत्येक ओझं चाकापर्यंत कोणत्या वाटेनं जातं ते पेन्सिलीनं ओढा. ज्या नळीवरून एकही वाट जात नाही ती काढून टाका. आणि ओझं कधीही नळीच्या मधोमध टांगू नका, जिथे दोन-तीन नळ्या भेटतात तिथे द्या.

माझी पहिली चासी इथेच मोडली. मोटर मी एका आडव्या नळीच्या मध्यावर टांगली होती. रोजच्या हिसक्यांनी त्या नळीच्या टोकाच्या जोडाजवळ तडा गेला आणि आठव्या दिवशी मोटर साखळीसकट खाली आली. सुदैवानं गाडीवर कोणी नव्हतं. तिसऱ्या चासीत मोटर मागच्या दोन त्रिकोणांच्या टोकावर आहे. त्यासाठी एकही जादा किलो लागला नाही.

६. गोल नळीला गोल नळी जोडताना फट राहते. ती वेल्डिंगनं भरली तर चालेल?

नाही चालणार. नळीच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच ग्राइंडरनं काढा आणि ती दुसऱ्या नळीवर अशी बसवा की मध्ये कार्डाचा कागद सरकायला नको. कागदाची पट्टी नळीला गुंडाळून, खूण करून कापली तर खाच लवकर जमते. फट भरायला ओतलेलं वेल्डिंग जड असतं, ठिसूळ असतं आणि शेजारचा पत्रा जास्त तापवतं.

१६ गेजला २ मिलिमीटरचा ६०१३ रॉड आणि ४५ ते ६० अँपिअर पुरतात. सीओटू मशीन (तार आणि गॅसवर चालणारं वेल्डिंग) मिळालं तर ०.८ मिलिमीटरची तार वापरा, पण उघड्यावर वारा सुटला की गॅस उडून जातो आणि जोडात बुडबुडे राहतात. मे महिन्यात पहाटे काम करा. ते उन्हासाठीही बरं आणि वाऱ्यासाठीही. आणखी एक: बंद नळीला वेल्डिंग करण्याआधी न दिसणाऱ्या बाजूला ३ मिलिमीटरचं भोक पाडा. आतली हवा तापून शेवटच्या जोडातून बाहेर फुटते आणि जोड खराब करते.

वेल्डिंग करताना डोळ्यांपुढे १० किंवा ११ नंबरची काच, चामडी हातमोजे, सुती पूर्ण बाहीचा शर्ट. पॉलिस्टर अंगाला चिकटून जळतं. आजूबाजूची वाळलेली केळीची पानं आधी झाडून काढा, पाण्याची बादली जवळ ठेवा.

७. सगळं मापात कापलं, वेल्डिंग झाल्यावर चासी पिळवटली. का?

वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि ज्या बाजूला आधी मारलं त्या बाजूला नळी ओढून घेतं. म्हणून आधी पूर्ण चासीला फक्त टाके मारा. मग समोरासमोरचे दोन्ही कर्ण मोजा, २ मिलिमीटरच्या आत जुळेपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर एक जोड इकडचा, एक तिरका पलीकडचा, असं फिरत राहा, एकाच कोपऱ्यात सगळे जोड संपवू नका. खाली सपाट जागा हवी. मी दोन जुने दाराचे अँगल समपातळीत बसवून त्यांवर शिकंजे आवळतो.

८. अॅल्युमिनियम लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच जड. मग तेच का नको?

वजनानं तिसरा हिस्सा आणि ताठपणानंही साधारण तिसराच हिस्सा. तितकीच ताठ नळी करायला माप वाढवावं लागतं. ते जमेल, पण वेल्डिंगचं काय? गाड्यांच्या कामाच्या ६०६१ जातीच्या अॅल्युमिनियमला भट्टीतून ताकद दिलेली असते. वेल्डिंगची आच लागली की जोडाच्या शेजारी ती ताकद जवळजवळ निम्म्यावर येते आणि परत आणायला पुन्हा भट्टीच लागते. शिवाय रोजच्या हिसक्यांनी अॅल्युमिनियम थकत जातं. पोलादात ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला तर तडा टाळता येतो, अॅल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. पाळणी आणि पाय ठेवायच्या पत्र्याला रिव्हेट मारून अॅल्युमिनियम जरूर वापरा. चासी पोलादाचीच करा.

९. गुलमर्गला बर्फावर पट्ट्याची गाडी पाहिली. तसा पट्टा लावला तर पावसाळ्यात काळ्या जमिनीत चालेल ना?

ती स्नोमोबाइल. दोन-तीन तरुणांनी तिचेच व्हिडिओ पाठवून हा प्रश्न विचारला आहे, आणि विचार चुकीचा नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १९३४ च्या हिवाळ्यात जोसेफ-आर्मंड बोम्बार्दिए यांचा दोन वर्षांचा मुलगा बर्फामुळे दवाखान्यात नेता न आल्यानं गेला. त्यांनी बर्फावरच्या वाहनाचं काम सोडलं नाही. १९३७ साली त्यांना रबरी पट्टा आणि दातेरी चाकाच्या जोडीचं पेटंट मिळालं, आणि १९५९ साली एक-दोन माणसांची हलकी स्की-डू बाजारात आली.

तिचं गणित आपल्या कामाचं आहे. पट्टा साधारण १५ इंच रुंद असतो आणि लांब टेकतो, त्यामुळे माणसासकट गाडीचा जमिनीवरचा दाब एका चौरस सेंटिमीटरला ०.१ किलोच्याही खाली राहतो. आपल्या घडगाडीच्या टायरखाली तो त्याच्या कितीतरी पट असतो, कारण टायरचा जमिनीवरचा दाब साधारण त्यात भरलेल्या हवेच्या दाबाइतका असतो. तिची चासीही शिकण्यासारखी आहे. पट्ट्यावरचा बोगद्यासारखा भाग म्हणजे दुमडून रिव्हेट मारलेला अॅल्युमिनियमचा पत्रा. तोच कणा, तोच मडगार्ड, आणि अनेक गाड्यांत इंजिनाचं गरम पाणीही तिथेच, पट्ट्यानं उडवलेल्या बर्फानं थंड होतं. एकाच भागाला तीन कामं, वजन तिथेच वाचतं.

पण तो पट्टा जसाच्या तसा इथे आणला तर एका दिवसात जळेल. तो आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवरून घसरत फिरतो आणि त्यांना थंडावा नि ओलावा देतो तो बर्फच. कोरड्या जमिनीवर ते प्लॅस्टिक वितळतं. पुढच्या स्की बर्फावर घसरतात, काळ्या मातीत रुततात. आणि आपली माती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी चिकटते, पट्टा आणि चाकांच्या मध्ये ठासून बसते. पट्टाच हवा असेल तर घसरपट्ट्यांऐवजी आतून सगळी चाकं, चिखल बाहेर पडायला उघड्या कडा आणि पट्टा काढून धुता येईल अशी मांडणी करा. मी तो नाद सोडला. रुंद टायर, हवा कमी आणि हलकी गाडी, यावर माझं काम भागतं.

१०. स्प्रिंगा, शॉकअॅब्सॉर्बर नकोत का?

पाच किलोमीटरच्या वेगाला नकोत. पण चारही चाकं जमिनीला टेकायला हवीत, नाहीतर एक चाक हवेत आणि सगळा पीळ चासीवर. ट्रॅक्टरचा पुढचा आस पाहा, मधोमध एका पिनवर डोलतो. तसाच इथे करा: पुढचा आस एका जाड पिनवर, दोन्ही बाजूंना १५ अंशांवर अडणारे थांबे. सगळ्या चासीत ही पिन सर्वांत भरभक्कम हवी, इथे वजन वाचवू नका.

११. जुन्या मोटरसायकलचं इंजिन लावू की बॅटरी?

मी बॅटरीच्या बाजूचा आहे. बागेत धूर नाही, आवाज नाही, आणि घड गरम सायलेन्सरला लागून डागाळत नाही. ४८ व्होल्ट, १००० वॉटची मोटर भरल्या गाडीला मऊ जमिनीवरून हलक्या चढावर पाच किलोमीटरच्या वेगानं नेते. बॅटरी निवडताना विचार करा: शिसं-आम्लाच्या चार बॅटऱ्या चाळीस किलोच्या पुढे जातात, तेवढ्याच कामाची लिथियम फॉस्फेटची पेटी पंधरा किलोच्या आसपास बसते. चासीतून पंचवीस किलो वाचवायला महिनाभर लागेल, इथे ते एका खरेदीत वाचतात. मे महिन्यात पारा ४५ ला पोचतो, तेव्हा बॅटरी सावलीत बसवा आणि काम संपताच चार्जिंगला लावू नका, तासभर थंड होऊ द्या. इंजिनच लावणार असाल तर प्रश्न १६ आधी वाचा.

१२. बांधावर चढवताना उलटेल का?

चाकांमधलं अंतर ७५ सेंटिमीटर आणि भरल्या गाडीचा भारमध्य (सगळं वजन जिथे एकवटलं असं धरतात तो बिंदू) जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर असेल, तर उभी गाडी साधारण ३२ अंशांच्या तिरक्या उतारावर उलटते. घडांवर घड रचून भारमध्य ९० वर नेला की तेच २३ अंशांवर होतं. चालत्या गाडीला खड्डा लागतो, म्हणून याच्या निम्म्याच्या पुढे कधी जाऊ नका. घड एकाच थरात, खाली केळीची पानं अंथरून ठेवा, सालही वाचते. बांध तिरका ओलांडू नका, सरळ समोरून चढा.

१३. घरी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा, सळया, जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप पडलाय. वापरू?

पाटा नाही. त्यात कार्बन जास्त असतो, साध्या वेल्डिंगनं जोडाशेजारी तो काचेसारखा ठिसूळ होतो आणि न सांगता तुटतो. सळई भरीव असते, २० मिलिमीटरची सळई मीटरला अडीच किलो भरते, म्हणजे प्रश्न ४ मधल्या दीड इंची नळीहून एक किलो जास्त आणि ताठपणा तिच्या चौथ्या हिश्श्याइतकाच. जीआय पाइप घेतलाच तर जोडापासून दोन इंच जस्त घासून काढा आणि मोकळ्या हवेत बसा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

१४. माणूस बसवण्याआधी चाचणी कशी घेऊ?

सिमेंटच्या सहा गोण्या पाळणीवर ठेवा, म्हणजे ३०० किलो, रोजच्या मालाच्या दुप्पट. ठेवण्याआधी चासीच्या दोन टोकांना दोरी ताणून मध्याचं अंतर मोजा. रात्रभर राहू द्या, सकाळी उतरवा, पुन्हा मोजा. एक मिलिमीटरही वाक उरला असेल तर कुठलीतरी नळी कमी पडते आहे. मग एक पुढचं चाक आणि तिरकं मागचं चाक विटेवर ठेवून हाच खेळ पुन्हा.

तडा शोधायला जुना रॉकेल-खडूचा उपाय अजून चांगला आहे. जोडावर रॉकेल किंवा डिझेल लावा, पंधरा मिनिटांनी कोरडं पुसा, वरून खडूची पूड चोळा. तडा असेल तर तेल बाहेर येऊन काळी रेघ उमटते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला हे करा.

१५. रंग कोणता?

रेड ऑक्साइड दोन हात, वर साधा ऑइलपेंट. केळीचा चीक आणि पोटॅशची धूळ लोखंड खातात, म्हणून रोज संध्याकाळी पाणी मारा. प्रश्न ६ मधली भोकं रंगण्याआधी बुजवा, किंवा खालच्या बाजूला असतील तर पाणी निथळायला उघडी ठेवा.

१६. गाडी रस्त्यावर नेली तर? फक्त रस्ता ओलांडायचा आहे.

नेऊ नका. ही नोंदणी झालेली गाडी नाही, तिचा विमा नाही, आणि ओलांडतानाही अपघात होतो. ती आपल्या शेताच्या हद्दीतच राहू द्या. जुन्या मोटरसायकलची चासी कापून तीच गाडी म्हणून फिरवणं तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये सरळ अडकतं. इंजिनासाठी मोटरसायकल मोडणार असाल तर कलम ५५ प्रमाणे आरटीओकडे कळवून नोंदणी रद्द करून घ्या, नाहीतर त्या नंबरची जबाबदारी कागदावर तुमच्याच नावावर राहते.

१७. आम्ही इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, बाहा स्पर्धेसाठी खडबडीत रस्त्यावरची गाडी करतोय. हेच माप चालेल?

नाही. तिथे माणसाभोवतीचा पिंजरा गाडी उलटल्यावर जीव वाचवायला असतो. नियमात २५ मिलिमीटर व्यासाची, ३ मिलिमीटर जाडीची, किमान ०.१८ टक्के कार्बनची पोलादी नळी किंवा वाकण्यात तिच्याइतकी ताठ आणि मजबूत दुसरी नळी मागतात. म्हणून बरेच संघ २९.२ मिलिमीटरची, १.६५ जाडीची ४१३० जातीच्या जास्त मजबूत पोलादाची नळी घेतात: ताठपणा सारखाच, वजन बरंच कमी. त्या मापाला साधं पोलाद ताठपणात पुरतं पण मजबुतीत कमी पडतं, हे गणितात विसरू नका. त्या वर्षीचं नियमपुस्तकच प्रमाण माना.

१८. जोडाजवळ बारीक तडा दिसतोय. वरून एक वेल्डिंग मारू का?

हंगामात गाडी थांबवणं जिवावर येतं, मला माहीत आहे. तरी वरून मारू नका, तडा खाली तसाच पुढे चालत राहतो. रॉकेल-खडूनं त्याचं टोक शोधा आणि टोकाच्या किंचित पुढे ३ मिलिमीटरचं भोक पाडा म्हणजे तो तिथे थांबेल. मग तडा ग्राइंडरनं पूर्ण खोलीपर्यंत उघडा, भरा, घासा. वरून पट्टी लावायची तर चौकोनी कापू नका, चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखी, दोन्ही टोकं निमुळती कापा. चौकोनी पट्टीची सरळ कड नळीला आडवी बसते आणि पुढचा तडा नेमका त्या कडेवर येतो. हे सगळं करूनही त्याच जागी पुन्हा तडा आला तर दोष वेल्डिंगचा नाही, त्या नळीवर नको तो भार येतोय. मग कागद-पेन्सिल काढा आणि प्रश्न ५ पासून पुन्हा आखा.